जाणाऱ्याला काय सांगायचं

दरवर्षी जुलै सरता सरता आमच्या म्बालामेच्या आरोग्य केंद्रात दोन नवी पोरं येतात आणि पुढच्या जुलैत निघून जातात. एक परदेशातलं, एक आपल्याच मलावीतलं. दोघंही नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि दोघांनाही सेवा करायची घाई झालेली. वर्षाची फेलोशिप असते त्यांची. तेवढ्यात काही ना काही करून जातातच. एकाने खताचा खड्डा खणला, त्यात आता कोंबड्या अंडी घालतात. एकीने हात धुवायला दोरीवर डबे टांगले, त्यांच्या दोऱ्या शेळ्यांनी चघळून टाकल्या. एक जण औषधांच्या खोलीला रंग देऊन गेला. तो रंग मात्र अजून टिकून आहे, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या स्वागताला गावचे प्रमुख दरवर्षी तीच म्हण ऐकवतात, की धारदार पातं पाहुणाच घेऊन येतो, म्हणजे घरच्यांचं अडलेलं काम परका सोडवतो. बायका टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. मी इथली नर्स, सिस्टर फायनेस. बावीस वर्षं या केंद्रात बाळंतपणं करते आहे. असल्या अकरा जोड्या मी पाहिल्या. सगळ्यांशी गोड बोलले, निघताना सगळ्यांना शेंगदाण्याची पिशवी बांधून दिली. कुणाला काही शिकवायच्या फंदात मात्र पडले नाही. वर्षाच्या पाहुण्याला घरातल्या गोष्टी कोण सांगत बसतं?

बारावी जोडी आली ती ब्रिजिट आणि वेझी. ब्रिजिट अमेरिकेची, उंच, नाकाचा शेंडा कायम उन्हाने सोललेला. वेझी न्यिरेंदा उत्तरेकडचा, म्झुझू शहरातला. आमची चिचेवा तो रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलायचा, म्हणून बायका त्याला 'बातम्या' म्हणायच्या. तो दिसला की म्हणायच्या, "बातम्या आल्या रे, आज कोण मेलं?" तो बिचारा हसायचा. ब्रिजिट स्वतः बोअरवर जाऊन बादली डोक्यावर घ्यायची आणि घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी अंगावर घ्यायची. सहा महिन्यांत भाषाही बऱ्यापैकी शिकली. मक्याच्या पिठाची न्सिमा हाताने खायची, उष्टं टाकायची नाही. पोरगी कष्टाळू होती. मला आवडायची, पण तेवढंच.

त्या दोघांना काम दिलं होतं ते असं, की गरोदर बायकांनी लवकर नाव नोंदवावं आणि घरी बाळंत न होता केंद्रात यावं. काम चांगलंच होतं. मी स्वतः बावीस वर्षं त्यासाठी घसा कोरडा करते आहे.

जानेवारीत एका सकाळी झेलिफा आली. केंद्रात नाही, माझ्या घरी, मागच्या दाराने, स्वयंपाकघरात. सत्तावीस वर्षांची पोरगी. नवरा येसाया तिला लग्नानंतर आपल्या गावी, चिंपेनीला घेऊन आला होता. तिची तीन बाळंतपणं झाली होती आणि घरात मूल एकही नव्हतं. पहिलं दोन दिवस अडलं आणि माझ्याच हातात मेलेलं आलं. दुसरं सातव्या महिन्यात गेलं. तिसऱ्या वेळी जिल्ह्याच्या इस्पितळात पोट कापून काढलं, ते अकरा दिवस जगलं. तेव्हाच मी तिला बजावलं होतं, की पुन्हा दिवस गेले तर तोंड लपवू नकोस, पहिल्या महिन्यापासून माझ्याकडे ये. तुझी कंबर अरुंद आहे, पोटावर जुना छेद आहे. घरी कळा सुरू झाल्या तर तो उसवेल. दिवस भरत यायच्या आधी तुला जिल्ह्याला नेऊन ठेवलं, की मूल जिवंत हातात येईल.

म्हणून ती आली होती. चुलीजवळ बसली आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सिस्टर, कुणाला कळता कामा नये."

मी म्हटलं, "माझ्या तोंडून कळणार नाही."

हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोट आपणहून दिसायला लागेपर्यंत बाई बोलत नाही आणि दुसरं कुणी विचारत नाही. 'तिला बरं नाही' एवढंच म्हणायचं. कुणाच्या मनात काय असतं, कुणाची नजर कशी असते, कोण कुणावर काय करून ठेवतं, सांगता येतं का? मी शिकलेली नर्स, भिंतीवर माझं सर्टिफिकेट टांगलेलं आहे. पण माझा लिंबानी पोटात होता तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत मी सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. आणि जिची तीन गेली ती तर श्वाससुद्धा जपून घेणार.

मी तिला तपासलं, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तिचं नाव सरकारी वहीत लिहिलं, कारण ते लिहावंच लागतं, आणि वही कपाटात ठेवून दिली.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी चर्चला गेले असताना ब्रिजिटने ती वही काढली. कपाटाची एक किल्ली वेझीकडे असायची. तिने सुताराकडून फळी आणली होती, तिच्यावर पांढरं कापड ताणून बसवलं होतं. एकेका गावाचा रकाना पाडला, प्रत्येक गरोदर बाईच्या नावाची चिठ्ठी केली आणि रंगीत टाचण्यांनी टोचली. सगळं ठीक असेल तर हिरवी. थोडी काळजी हवी असेल तर पिवळी. जिची सगळ्यांत जास्त काळजी घ्यायला हवी, तिला लाल. आणि हा तक्ता लावायचा होता केंद्राच्या ओट्यावर, जिथे सोमवारी बायका पोरांची वजनं करायला बसतात. म्हणजे बायकांना वाटेल की आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, आणि गावच्या प्रमुखांना दिसेल की कुणासाठी बैलगाडी तयार ठेवायची. तिने हे मला नंतर किती वेळा समजावलं. तिचं मन स्वच्छ होतं, त्यात शंकाच नाही.

सोमवारी सकाळी मी कात्र्या उकळत होते तेव्हा वेझी दारात येऊन उभा राहिला.

"सिस्टर, ब्रिजिट तो तक्ता बाहेर लावायचा म्हणते. चालेल ना?"

मी विचारलं, नावं कुठून घेतली. त्याने खाली पाहिलं. मी विचारलं, माझी वही मला न विचारता कुणी काढली. तो चूक झाली म्हणाला. तरी तिथून हलला नाही.

"आमच्याकडे पोट दिसेपर्यंत बाई कुणाला सांगत नाही," तो म्हणाला. "इथे कसं असतं ते मला नीट माहीत नाही. मी पुरुषमाणूस, बायकांना कसं विचारू? म्हणून तुम्हाला विचारतो."

मी कात्र्यांवरचं झाकण आपटलं. "मला कशाला विचारतोस बाळा? डिग्र्या तुमच्याकडे आहेत. लावा."

तो गेला. दहा मिनिटांनी मी बाहेर जाऊन पाहिलं. चिंपेनीच्या रकान्यात वरून दुसरी चिठ्ठी झेलिफाची, आणि तिच्यावर लाल टाचणी.

ती चिठ्ठी काढायला दोन बोटं पुरली असती. पण मी फार चिडले होते. माझी वही माझ्या माघारी उघडतात. बावीस वर्षं इथे काढलेल्या बाईला आधी विचारायचं यांना सुचत नाही आणि सुतार बरा सुचतो. म्हटलं, पडू दे एकदा तोंडघशी. कळेल आपोआप. झेलिफाला वाचता येत नाही, तिच्याकडे मी संध्याकाळी जाऊन येईन आणि काय ते सांगेन. संध्याकाळी एक पायाळू बाळंतपण आलं. मंगळवारी लसी आल्या. गुरुवारी जिल्ह्याचे साहेब आले, त्यांनी तक्त्याचा फोटो काढला, ब्रिजिटची पाठ थोपटली आणि म्हणाले की प्रत्येक केंद्रात असा तक्ता हवा. आता तो काढायचा म्हणजे साहेबांच्या तोंडावर बोलायचं. मी गप्प बसले. मला गप्प बसायला निमित्तच हवं होतं, ते मिळालं.

आमच्या बायकांत आठवीपर्यंत शिकलेल्या चार-पाच आहेत. त्यांनी नावं वाचली आणि बाकीच्यांना सांगितली. लाल रंगाचा अर्थ कुणी लावला ते मला शोधून सापडलं नाही. पण फेब्रुवारी लागेपर्यंत गावोगाव एकच बोलणं झालं होतं. गोऱ्या पोरीच्या कागदांत आधीच कळतं म्हणे. जिच्यावर लाल, तिचं मूल राहायचं नाही.

लाल टाचण्या सात होत्या. महिनाभरात त्या सातही जणी यायच्या बंद झाल्या.

ब्रिजिटच्या जिवाची घालमेल झाली. ज्यांना सगळ्यांत जास्त जपायचं त्याच का येत नाहीत, म्हणून ती मला विचारायला आली. मी म्हटलं तंबाखूची तोडणी चालू आहे, शेतात असतील. ते अगदीच खोटं नव्हतं. मग ती सायकल घेऊन एकेकीच्या घरी गेली. प्रत्येक घरी तिला चटई मिळाली, उकडलेल्या शेंगा मिळाल्या, आणि येणार का विचारल्यावर "हो, येईन की" असं उत्तर मिळालं. दारात आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. ती आनंदाने परत आली आणि तिने वहीत सहा वेळा 'येणार' असं लिहिलं. ते मला दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, छान.

झेलिफा त्या सहांत नव्हतीच. ती चिंपेनीत उरलीच नव्हती. तक्ता लागला त्या आठवड्यातच डोंगरापलीकडे कापालेला, माहेरी निघून गेली होती. येसायाला विचारलं तर म्हणे सासूबाईंची तब्येत ठीक नाही.

पाऊस थांबल्यावर, एप्रिलमध्ये मी कापालेला गेले. एकदाच गेले. चालत तीन तासांचा रस्ता आहे. झेलिफाची आई दारातच भेटली. झेलिफा बाजाराला गेली आहे, म्हणाली. आतून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज आला तो आम्ही दोघींनी ऐकला आणि दोघींनी ऐकला नाही असं दाखवलं. मी सांगितलं की जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत तिला जिल्ह्याला न्यायचं आहे, गाडीची व्यवस्था मी करते, काही झालं तरी तिला घरी कळा येऊ द्यायच्या नाहीत. आई म्हणाली, "हो सिस्टर, येईल ती."

तो 'हो' कसला होता हे मला कळत नव्हतं का? ब्रिजिटला नसेल कळला, मला कळला. उंबरा ओलांडून आत जायला हवं होतं. पण ऊन कलत होतं, पाय दुखत होते, आणि त्या मुलीच्या डोळ्यांत बघायची मला हिंमत नव्हती. मी त्या 'हो'ला हो धरलं आणि परत फिरले.

जूनच्या चोवीस तारखेला सकाळी केंद्राच्या आवारात बैलगाडी आली. थंडीचे दिवस, बारीक पाऊस झिमझिमत होता. गाडीत गादीवर झेलिफा, बाजूला आई, पुढे येसाया. कळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. गावातल्या दाईने आदल्या संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग पहाटे एकदम कळा थांबल्या, म्हणून त्यांना वाटलं आता जरा बरं आहे, गाडीचे धक्के सोसेल, आणि ते निघाले.

भरल्या दिवसांच्या बाईच्या कळा अशा अचानक थांबल्या की सुईण समजते, आत काहीतरी उसवलं. मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोटाचा आकार बदलला होता. कान लावून ऐकलं, मग दुसऱ्या बाजूला लावला, मग परत पहिल्या. वेझी फोनला रेंज मिळवायला मोटरसायकलवरून टेकडीवर पळाला. ब्रिजिट सलाइनची बाटली धरून उभी होती. तिने मला हळूच विचारलं, "बाळ?" मी मान हलवली. झेलिफाने ते पाहिलं. ती वर छपराकडे बघत राहिली.

दुपारी अँब्युलन्स आली, मी बरोबर गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. छेद उसवला होता. मुलगी होती, डोक्यावर भरपूर जावळ, सगळे अवयव जागच्या जागी. झेलिफा वाचली. तिची पिशवी काढून टाकावी लागली. आता तिला कधीच मूल होणार नाही.

बाळाला घेऊन तिची आई मिनीबसने परत आली. मांडीवर चितेंजेत गुंडाळून, झोपलेल्या बाळाला धरतात तसं धरून, म्हणजे शेजारी बसलेल्यांना कळू नये. मी तिच्या शेजारी बसले होते. एका म्हातारीने विचारलं, किती दिवसांचं आहे? आई म्हणाली, आजचंच. म्हातारी म्हणाली, देव आयुष्य देवो.

जन्मल्यावर रीतीने घराबाहेर न आणलेल्या बाळाला पुरायला आमच्याकडे पुरुष जात नाहीत. त्याच्यासाठी गाणी नसतात, रडायचं नसतं. चार जुन्याजाणत्या बायका जातात आणि ओढ्याजवळच्या ओल्या जमिनीत ठेवून येतात. मी पाचवी होते. ब्रिजिट सायकल घेऊन कापालेपर्यंत आली होती. तिला आमच्याबरोबर यायचं होतं. जिने जन्म दिला नाही तिला तिथे येता येत नाही. बायकांनी तिला नीट सांगितलं आणि आंब्याखाली पुरुषांजवळ बसवलं. काम उरकून आम्ही हात धुतले आणि कुणी कुणाकडे न बघता परतलो.

येताना ती सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होती. डोंगर उतरल्यावर म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? मी तारखा पाहिल्या. झेलिफा जानेवारीत आली होती. जानेवारीच्या शेवटी मी तक्ता लावला. त्यानंतर ती आली नाही. तक्त्यामुळे झालं का हे?"

अमेरिकेच्या पोरीला तारखांवरून जे कळलं ते माझ्यासमोर पाच महिने भिंतीवर टांगलेलं होतं. मी म्हटलं, "असं काही नसतं पोरी. देवाची इच्छा."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून ठेवायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरची भिंत रिकामी होती. फळी तिने स्वतः काढून नेली होती.

दहा-बारा दिवसांनी झेलिफाला कापालेला आणलं. आठ जुलैला मी टाके बघायला गेले, बरोबर पीठ आणि अंडी नेली. ती चटईवर पडली होती. दूध आलं होतं म्हणून आईने छातीवर चितेंजे करकचून बांधलं होतं, तरी पुढचं कापड भिजलं होतं. मी पोटावरची पट्टी सोडली. एका कोपऱ्यात जखम अजून ओली होती. मी ती साफ केली, नवी पट्टी लावली. हाताला काम होतं तोवर ठीक चाललं होतं.

मग मी बोलले. कशाला बोलले कोण जाणे. म्हटलं, "ती ब्रिजिट फार रडते आहे गं. तिला काही ठाऊक नव्हतं. परक्या मुलखातली पोर."

"माहीत आहे," झेलिफा म्हणाली. "काल आली होती. तुम्ही बसलात तिथेच बसून रडली. मी उठून बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठे गप्प झाली."

मी पट्टीचे तुकडे गोळा करत होते.

"तिला ठाऊक नव्हतं, सिस्टर. तुम्हाला होतं."

ती आवाज चढवून बोलली असती तर मलाही काही म्हणता आलं असतं. मी वर पाहिलं नाही.

"मी तुमच्या मागच्या दाराने आले होते," ती म्हणाली. "माझं नाव तिथे किती दिवस होतं?"

"पाच महिने."

"तुम्ही रोज तिथूनच जाता ना, आत?"

"हो."

तिने डोळे मिटले. मग विचारलं की उरलेले टाके कधी काढायचे. मी म्हटलं पुढच्या सोमवारी, मीच येईन. ती "बरं" म्हणाली. तिची आई मला वाटेपर्यंत सोडायला आली, कारण रीत आहे, आणि वाटेवर आम्ही दोघी मक्याच्या भावाबद्दल बोललो.

त्या तीन तासांच्या रस्त्यात मी स्वतःला खूप काही सांगून पाहिलं. वही माझ्या माघारी काढली. साहेबांनी फोटो काढला. पायाळू बाळंतपण आलं. जायला एप्रिलमध्ये मी गेलेच होते. जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही झेलिफासमोर उभं राहिलं नसतं. बावीस वर्षांत कितीतरी मेलेली मुलं माझ्या हातात आली. पण जे मला टाळता येत होतं आणि मी रागाच्या भरात टाळलं नाही, असं हे पहिलं. माझं वय एक्कावन्न आहे आणि मला माझीच लाज वाटत होती.

घरी न जाता मी त्या पोरांच्या खोलीवर गेले. वेझी जिल्ह्याला कागद द्यायला गेला होता. ब्रिजिट टेबलाशी बसून वर्षाचा अहवाल लिहीत होती. मला पाहून उठली आणि चहाचं विचारायला लागली. मी म्हटलं, बस.

"तक्ता लावायच्या आधी वेझीने मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी लावा म्हटलं. बायका काय समजतील ते मला ठाऊक होतं. झेलिफाने कुणाला सांगू नका म्हणून माझ्याकडून शब्द घेतला होता. तू देवाची इच्छा का असं विचारलंस तेव्हाही मला ठाऊक होतं."

खरं तर तिने देवाची इच्छा का असं विचारलं नव्हतं, ते मीच म्हटलं होतं. तिने चूक काढली नाही. पेन खाली ठेवलं.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

वही, राग, साहेब, सगळं जिभेवर तयार होतं. पण तोंडातून वेगळंच निघालं. "तू जाणार होतीस. सगळेच जातात. जाणाऱ्याला काय सांगायचं, असं वाटतं."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला वाट्टेल ते बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. बाहेर कुणीतरी मका कुटत होतं, त्या मुसळाचा आवाज येत होता. मला वाटलं की आता मी उठावं.

मग ती म्हणाली, "अजून काय काय आहे? जे मी चुकीचं करते आणि मला कुणी सांगत नाही."

"बरंच आहे."

"सांगा."

तिने सवयीने वही ओढली, नवं पान उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, वही मिटून बाजूला ठेवली आणि हात मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसली. तिला जायला एकोणीस दिवस उरले होते. अकरा जोड्या शेंगदाण्याच्या पिशव्या घेऊन हसत गेल्या होत्या. त्यांतल्या कुणालाही मी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तेवीस वर्षांची पोरगी होती. माझ्या लिंबानीपेक्षाही लहान.

कुठून सुरुवात करावी मला कळेना. मग म्हटलं, आत्ता जे सगळ्यांत जवळ आहे तेच आधी सांगावं.

"झेलिफाकडे आपण सोमवारी बरोबर जाऊ," मी म्हटलं. "पण तिथे रडायचं नाही. तू नाही आणि मीही नाही. आपण रडलो की तिला उठून आपल्याला गप्प करावं लागतं. तिचे टाके अजून ओले आहेत."